आठ वड्यांची वाटी

निकम काकूंच्या दारात ट्रक उलटा येऊन लागला आणि आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत आई म्हणाली, "चालली माझी वाटी."

शेजारची चार माणसं चालली होती, ट्रकभर सामान चाललं होतं, सात वर्षांचा शेजार चालला होता. आईला मात्र फक्त वाटी दिसत होती. तिच्या लग्नात माहेरहून सहा वाट्या आल्या होत्या. वाट्या म्हणायच्या एवढंच, आकारानं वाडगेच होते ते. जाड बुडाच्या, आणि काठावर बारीक ठिपक्यांनी 'सौ. शालन' असं नाव घातलेलं. त्यातली सहावी गेले आठ महिने निकम काकूंकडे होती आणि आई फळीवरच्या उरलेल्या पाच रोज पुसून मोजत होती.

"मग मागून आण की," बाबा वर्तमानपत्राच्या आडून म्हणाले.

"मी? त्या बाईच्या दारात मी पाय ठेवणार नाही."

"बरं, मी आणतो."

"म्हणजे ती गावभर सांगायला मोकळी, एका वाटीसाठी नवऱ्याला धाडलं म्हणून."

बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. त्या घडीला मी त्या काळात फार घाबरायची. बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली की माझ्या वाट्याला काहीतरी सामाजिक काम येत असे.

"हेमा जाईल," बाबा म्हणाले.

मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि धरणाच्या त्या अख्ख्या वसाहतीत माझ्याइतकी घुमी मुलगी दुसरी नव्हती. पाहुणे आले की मी पलंगाखाली जायची. बाईंनी हजेरी घेतली की माझी 'हजर' पहिल्या बाकापर्यंतसुद्धा पोचायची नाही. आईचं याबद्दल काहीच म्हणणं नव्हतं. मोठी झाली की बोलेल, नाही बोलली तर सासरचे सुखी होतील, असं तिचं साधं मत होतं. पण आदल्या वर्षी वसाहतीच्या क्लबात कुठल्याशा बालमानसशास्त्राच्या तज्ज्ञाचं व्याख्यान झालं आणि बाबा पहिल्या रांगेत बसून ते डायरीत उतरवून आले. 'मुलांना रोज एक सामाजिक काम द्या. मध्ये पडू नका. जबाबदारी आपोआप येते.' तज्ज्ञ दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघून गेले. त्यांना स्वतःला मूलबाळ नव्हतं, हे आम्हाला पुष्कळ नंतर कळलं.

तेव्हापासून बाबा मला कामं देत होते. पोस्टात जाऊन तिकीट कुठल्या खिडकीवर मिळतं ते विचारून ये, तिकीट आणू नको. जोशी साहेबांना किती वाजले ते विचार. "बाबा, आपल्याकडे घड्याळ आहे," असं मी म्हटलं की बाबा म्हणायचे, "प्रश्न घड्याळाचा नाही, हेमा."

आता वाटी शेजारी अडकली कशी, ते सांगायला हवं. आमच्या वसाहतीत एक कायदा होता. शेजारून भरलेली वाटी आली तर ती रिकामी परत करायची नाही. काही नाही तर चार शेंगदाणे टाका, साखरेची चिमूट टाका, पण रिकामी पाठवायची नाही. खात्याचे सहीशिक्क्याचे हुकूम लोक बिनदिक्कत मोडायचे, पण हा कायदा कुणी मोडल्याचं मला आठवत नाही. आणि निकम काकूंचं आमच्याशी फाटलेलं. वाटी रिकामी पाठवली तर त्यांच्या वळणाला नावं ठेवली जाणार, भरून पाठवली तर माघार घेतल्यासारखं होणार. म्हणून त्यांनी ती ठेवूनच घेतली.

आणि फाटलं कशावरून, तर खरवसावरून.

भागा गवळ्याची म्हैस व्यायली की तो आमच्याकडे चीक आणून द्यायचा. चीक तो विकत नसे, रतिबाच्या जुन्या घरांना तसाच द्यायचा, त्यामुळे त्याचा मान मोठा. आईनं गूळ, वेलदोडा, जायफळ घालून खरवस उकडला, वड्या पाडल्या, सहाव्या वाटीत आठ वड्या रचल्या आणि वर ताटली झाकली. निकमांकडे माणसं चार. काका, काकू, काकूंच्या सासूबाई आणि माझ्याच वर्गातली छाया. माणशी दोन, असा आईचा हिशेब.

"मी देऊन येते," आई पदर खोचत म्हणाली.

बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"हेमा जाईल. दार वाजवायचं. काकूंच्या डोळ्यांत बघायचं. म्हणायचं, 'काकू, आईनं खरवस पाठवलाय, सगळ्यांना द्या.' स्पष्ट आवाजात. आणि शालन, तू खिडकीत उभी राहायचं नाहीस. मध्ये पडायचं नाही."

दोन घरांमध्ये पंचवीस पावलं आणि पाण्याची एक टाकी. आजवर मी शंभरदा निकमांकडे गेले होते, पण ते छायाकडे, मागच्या दारानं, न बोलता. पुढचं दार वाजवून स्पष्ट आवाजात वाक्य म्हणायचं, तेही डोळ्यांत बघून, हे माझ्यानं होणार नव्हतं. माझे पाय टाकीपाशीच थांबले. मी टाकीच्या मागे जाऊन बसले आणि वाक्य पाठ करायला लागले. 'काकू, आईनं खरवस पाठवलाय.' दर वेळी 'काकू'लाच घसा सुकायचा. घसा ओला करायला म्हणून मी ताटली सरकवली आणि एक वडी खाल्ली.

धीर आल्यासारखा वाटला. उभी राहिले, दारापर्यंत गेले, परत आले. दुसरी खाल्ली. तिसरी कशासाठी खाल्ली ते मात्र मला आजही सांगता येणार नाही. तिचा धैर्याशी काही संबंध नव्हता.

मग मी दार वाजवलं. दार छायानं उघडलं. मी तिच्या हातात वाटी कोंबली आणि वाक्यबिक्य काही न म्हणता पळत सुटले. घरी येऊन बाबांना सांगितलं, "म्हटलं." बाबांनी डायरीत माझ्या नावापुढे बरोबरची खूण केली.

पुढे नवरात्रात आमच्याकडे भोंडला होता. गाणी झाली, फेर झाला आणि खिरापत ओळखायची वेळ आली. बायका एकेक पदार्थ सांगत होत्या आणि आई झाकलेल्या डब्यावर हात ठेवून, हसत नाही म्हणत होती. कुणीतरी विचारलं, "खरवस आहे का हो?"

निकम काकू म्हणाल्या, "खरवस नसणार. असला तरी ओळखायचा कसा? यांचा खरवस दिसतच नाही. मागे पाठवला होता तर मी चष्मा लावून शोधला."

बायका खो-खो हसल्या. आईचा चेहरा पडला.

"वाटी भरून पाठवली होती मी, विमलताई."

"असेल बाई. मला बूड दिसलं तिचं."

"काही लोकांना ढीगभर दिलं तरी पुरत नाही."

"आणि काही लोकांना बूड झाकलं की ढीग वाटतो."

एवढं पुरे झालं. त्या दिवसापासून मागच्या अंगणांमधलं जाळीचं दार बंद झालं, डाळीची वाटी बंद झाली, आणि छायानं नि मी खेळायचं नाही असा दोन्ही घरांतून हुकूम निघाला. पलंगाखाली पडून मी विचार करायची, माझ्या तीन वड्यांनी हे केलं. पाचच पोचल्या, म्हणून काकूंना राग आला. सांगून टाकावं असं शंभरदा वाटलं. पण जी मुलगी जोशी साहेबांना किती वाजले ते विचारू शकत नव्हती, ती हे कुणाला आणि कसं सांगणार? शाळेत छाया माझ्याकडे बघायची नाही. मला वाटायचं, ती माझ्यावर रागावली आहे. मागच्या दाराशी सागरगोटे खेळायला दुसरं कुणी मला नव्हतं, आणि आता मे महिन्यात तिच्या वडिलांची बदली होऊन ट्रक दारात उभा होता.

"जा," बाबा म्हणाले. "स्पष्ट आवाजात मागायची. आपलीच वाटी आहे."

"आणि रिकामी दिली तर घेऊ नकोस," आई म्हणाली.

"अगं, मग ती आणायची कशी?"

"ते तुमच्या डायरीत बघा."

मी निघाले. टाकीपाशी पाय सवयीनं थांबले, पण आज हातात खायलाही काही नव्हतं. ट्रकच्या मागून ड्रायव्हर ओरडत होता, निकम काका ओरडत होते, दोन हमाल कपाट तिरकं करत होते. दार सताड उघडं. वाजवायची सोयसुद्धा ठेवली नव्हती.

आत घर ओकंबोकं झालं होतं. काकू जमिनीवर बसून बोचक्याला गाठ मारत होत्या. छाया एका पत्र्याच्या ट्रंकेवर पाय सोडून बसली होती. मला बघून तिनं पाय वर घेतले.

"काय गं?" काकू म्हणाल्या.

मी उभी.

"आईनं पाठवलं?"

मी मान हलवली.

"वाटीसाठी?"

मी परत मान हलवली. काकू उठल्या, कोपऱ्यातल्या पिशवीत हात घातला आणि वाटी काढली. ती त्यांनी सामानात बांधलेली नव्हती, वेगळी ठेवली होती. घासून इतकी लख्ख केलेली की 'सौ. शालन' दारातूनही वाचता येत होतं.

"घे म्हणायला माझी जीभ रेटत नाही," काकू म्हणाल्या. "चूल बांधली, डबे बांधले, घरात साखरेचा दाणा नाही. रिकामी कशी देऊ? दिवाळीला काढली होती भरायला. संक्रांतीला काढली. होळीला तर पुरणपोळी ठेवलीसुद्धा होती तिच्यात. मग तो खरवस आठवायचा आणि काढून घ्यायची."

मग एकदम त्यांचा आवाज बदलला.

"तुझ्या आईला टायफॉइड झाला तेव्हा सतरा दिवस डबा दिला मी. नाही, बोलून दाखवत नाही. पण माय, जी बाई सतरा दिवस माझ्या हातचं जेवली, तिनं मला असं भिकाऱ्यासारखं पाठवावं? एवढंच लागलं मला. खरवसाचं काय घेऊन बसलीस."

तज्ज्ञांनी सांगितलं होतं की समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. मी बघितलं. काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते मी आणलेलं होतं.

"आईनं आठ पाठवल्या होत्या," मी म्हणाले.

"काय?"

"वड्या. आईनं आठ रचल्या होत्या. माणशी दोन. तीन मी खाल्ल्या. टाकीमागे."

माझा आवाज इतका मोठा निघाला की कपाट धरलेले हमाल थांबले. मला वाटलं आता थोबाडीत बसणार. डोळे मिटून घेतले. काहीच झालं नाही. डोळे उघडले तर काकू बोटं मोजत होत्या.

"आठातल्या तीन?"

"हो."

"नक्की तीन? चार-पाच नाही?"

"तीनच. देवाशप्पथ."

"मग पाच राहतात."

"हो."

"माझ्या हातात वाटी आली तेव्हा दोन होत्या."

ट्रंक करकरली. छाया हळूच खाली उतरली होती आणि मागच्या दाराकडे सरकत होती.

"छाये!"

छाया थांबली. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मला एकदम कळलं की आठ महिने ती माझ्यावर रागावलेली नव्हती. ती माझ्याइतकीच पलंगाखाली होती.

"मला वाटलं पाचच पाठवल्यात," ती रडत म्हणाली. "वाटी उघडली तर ओळी मोडलेल्याच होत्या. मला वाटलं कळणार नाही."

काकूंनी एका हातानं तिचा दंड धरला, दुसऱ्या हातानं माझा. वाटी काखेत मारली. आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा ती पंचवीस पावलं ओलांडून आमच्या पुढच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"शालनताई, बाहेर या! हा घ्या तुमचा चोर, आणि हा माझा!"

आई खिडकीतच होती, त्यामुळे दारात यायला तिला वेळ लागला नाही. काकूंनी सगळं एका दमात सांगितलं. तीन इकडे, तीन तिकडे. आईनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मला टायफॉइड झाला असता तर बरं, असं वाटलं. पण मारायला उचललेला तिचा हात मध्येच थांबला.

"म्हणजे तुमच्याकडे दोनच पोचल्या?"

"दोन."

"चार माणसांत?"

"एक सासूबाईंना दिली, एक यांना. ही म्हणाली मला भूक नाही. तेव्हाच ओळखायला हवं होतं, हिला भूक नाही म्हणजे काय!"

"आणि तुम्ही?"

काकूंनी काखेतली वाटी पुढे घेतली. "मी वाटी पुसून घेतली बोटानं. चव कळली. जायफळ छान लागलं होतं."

आईनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "आणि मी भोंडल्याला तुम्हाला हावरट म्हणाले."

"मी आधी बोलले."

"नाही, मीच..."

"बघा!" बाबा आतून डायरी घेऊन आले होते. त्यांचा चेहरा उजळला होता. "मुलीला जबाबदारी दिली, मध्ये पडलो नाही, आणि आज स्पष्ट आवाजात..."

"त्या दिवशी हिला एकटीला कुणी पाठवलं होतं?" काकूंनी विचारलं.

"यांनी," आई म्हणाली.

दोघी बाबांकडे वळल्या. बाबांनी डायरी पाठीमागे घेतली आणि ट्रकला काही मदत हवी का ते बघायला गेले.

काकूंची चूल बांधलेली होती, म्हणून चहा आमच्याकडे झाला. ड्रायव्हरनं तीनदा भोंगा वाजवला, तिन्ही वेळा दोघींनी एकदमच त्याला "थांब की रे!" म्हटलं. मी आणि छाया शिक्षा म्हणून दाराबाहेर उभ्या होतो.

"तू का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तू तरी कुठं सांगितलंस?"

हे बरोबर होतं. ती मला तिचे पाच सागरगोटे देत होती. मी चार घेतले, एक तिला परत दिला. पाचाशिवाय खेळता येत नाही हे दोघींनाही ठाऊक होतं, पण तेव्हा सुचलं ते एवढंच.

निघताना आई म्हणाली, "विमलताई, वाटी राहू द्या इथंच. रिकामी तर रिकामी. आता आपल्यात काय?"

"मुळीच नाही," काकू म्हणाल्या आणि वाटी पिशवीत टाकली. "भरल्याशिवाय देणार नाही. भरून आणीन तेव्हा घ्या."

ट्रक वळला आणि दिसेनासा झाला. आई रस्त्यावर उभी राहून रडली. मीही रडले, मोठ्यानं, टाकीमागे न जाता. आतल्या फळीवर पाचच वाट्या होत्या, पण त्या दिवसानंतर आईनं त्या मोजल्याचं मला आठवत नाही.

या गोष्टीला सदतीस वर्षं होऊन गेली. बाबा अजून सांगतात की माझं तोंड त्यांच्या डायरीमुळे उघडलं. आता ते मिटत नाही, अशी माझ्या नवऱ्याची तक्रार आहे, ती मी त्यांच्याकडेच पाठवते.

वाटी परत आली ती ट्रक गेला त्याच्या पुढच्या जानेवारीत. चार तासांचा प्रवास करून काकू आणि छाया यष्टीतून उतरल्या. छायाच्या हातात फडक्यात बांधलेली वाटी होती. आम्ही स्टँडवर घ्यायला गेलो होतो. छाया शेवटच्या पायरीवर असतानाच, पाय खाली टेकायच्या आधीच, अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशी ओरडली, "काकू, खरवस आहे! आठ होत्या, एक मी खाल्ली!"

"वा!" बाबा म्हणाले आणि खिसे चाचपायला लागले. डायरी घरी राहिली होती.

"खाल्लीस तर खाल्लीस," आई म्हणाली, "सांगितलंस ना, झालं." तिनं तिथंच फडकं सोडलं, ताटली सरकवली आणि बोटानं वड्या मोजल्या. मग परत एकदा मोजल्या.

"सहाच आहेत."

आईनं छायाकडे बघितलं. छायानं गळ्याला चिमटा काढून शपथ घेतली. मग आईनं माझ्याकडे बघितलं, पण मी तर वाटीला हातही लावला नव्हता. मग आम्ही सगळ्यांनी काकूंकडे बघितलं.

निकम काकू यष्टीच्या टपावरच्या सामानाकडे फार लक्षपूर्वक बघत होत्या. त्यांचं सामान टपावर नव्हतंच.

"घाटात गाडी अर्धा तास बंद पडली हो, शालनताई," त्या म्हणाल्या आणि पदरानं तोंड पुसलं.